हातापायांचा आणि काखेतला अति घाम : उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचारोगाच्या ओपीडीत घामाची तक्रार बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येते. माणूस आलेला असतो मुरमांसाठी, नाहीतर नायट्यासाठी. केसपेपर घडी करून खिशात ठेवतो, दारापर्यंत जातो आणि मग वळून विचारतो, "डॉक्टर, हातांना फार घाम येतो. त्यावर काही असतं का?" असतं. पुष्कळ असतं. लोक वर्षानुवर्षं हे सोसत राहतात आणि उपचार आहेत ही गोष्टच त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते, याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून रोज कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधांची नावं आणि मात्रा समजून घेण्यासाठी दिल्या आहेत. आपल्या मनानं काही सुरू करू नका, गोळ्या तर नकोच.

घाम सगळ्यांनाच येतो. मग आजार कधी म्हणायचा?

मे महिन्यात लोकलमधून उतरताना शर्ट पाठीला चिकटणं हा आजार नाही. पंख्याखाली निवांत बसलेलं असताना तळहातावर थेंब साचणं, पुसल्यावर मिनिटभरात पुन्हा साचणं, हा आजार आहे.

निदान करताना काही गोष्टी पाहतात. त्रास सहा महिन्यांहून जुना आहे का, दोन्ही बाजूंना सारखाच येतो का, पंचविशीच्या आत सुरू झाला का, घरात आणखी कोणाला आहे का, आठवड्यातून एकदा तरी येतो का, झोपेत थांबतो का आणि त्यानं रोजच्या कामात अडथळा येतो का. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या की निदान जवळपास पक्कं होतं. झोपेचा प्रश्न पेशंटला विचित्र वाटतो, पण तो फार कामाचा आहे. तळहात-तळपायांचा, काखेचा हा प्राथमिक घाम माणूस झोपला की थांबतो. झोपेत अंथरूण भिजत असेल तर कारण वेगळं असण्याची शक्यता मोठी.

त्रास किती, ते मोजायला एक साधी चार पायऱ्यांची पट्टी वापरतात. घाम जाणवतही नाही ही पहिली पायरी. सहन होतो पण कधीकधी आड येतो ही दुसरी. जेमतेम सहन होतो आणि वारंवार आड येतो ही तिसरी. सहनच होत नाही आणि कायम आड येतो ही चौथी. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या माणसानं उपचार घ्यावेतच.

हे नेमकं होतं कशामुळे? घर्मग्रंथी जास्त असतात का?

नाही. ग्रंथींची संख्या आणि आकार इतरांसारखाच असतो. माणसाच्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्या अगदी दाटीवाटीनं असतात. त्यांना हुकूम देणारे सिंपथेटिक मज्जातंतू (आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या मज्जातंतूंचा एक गट) गरज नसताना हुकूम सोडत राहतात. तंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ग्रंथी घाम सोडते. हे रसायन लक्षात ठेवा, कारण पुढचे निम्मे उपचार त्यालाच अडवतात.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. मुलीचे हात तपासताना शेजारी बसलेले वडील हळूच आपले तळहात मांडीला पुसतात, हे वारंवार दिसतं.

घरचे म्हणतात, "टेन्शन घेतोस म्हणून घाम येतो." खरं आहे का?

अर्धंच. ताणानं घाम वाढतो हे खरं, पण मूळ दोष ताणाचा नाही. बरेचदा क्रम उलटा असतो. दहावीला बसलेली मुलगी पेपर लिहिताना उत्तरपत्रिकेवर रुमाल पसरते, मनगट त्यावर टेकवते, तरी कडेची शाई पसरते आणि पुरवणीचं पान ओलं होऊन पेनच्या टोकाखाली फाटतं. पर्यवेक्षक दोनदा येऊन रुमाल झटकून बघून जातात. तिला पेपर येत असतो, पण आता ती घाबरते, आणि घाबरली की घाम आणखी वाढतो. अशा मुलीला "टेन्शन घेऊ नकोस" असं सांगून काय साधणार? आधी हात कोरडे करायला हवेत. भीतीचा बराच भाग त्याबरोबर ओसरतो.

ज्यांना मुळातच चिंतारोग आहे त्यांना मानसोपचारांचा फायदा होतो. तोही घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

कोणत्या घामाकडे दुर्लक्ष करू नये?

या प्रश्नाचं उत्तर सावकाश वाचा.

अचानक दरदरून थंड घाम, छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, जीव घाबरा होणं : हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा. पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका. मधुमेह्यांना छातीत फारसं न दुखता नुसता घाम येऊनही झटका येतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला घाम, थरथर आणि भूक एकदम लागली तर साखर उतरलेली असते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, त्याबरोबर संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी. सरकारी केंद्रांत ती मोफत होते. खोकला नसताना मानेत, काखेत गाठी आल्या असतील तर लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, विचार करावा लागतो.

सगळ्या अंगाला घाम, छातीत धडधड, भूक चांगली तरी वजन कमी, हात थरथरणं ही थायरॉइड वाढल्याची लक्षणं. पाळी जाण्याच्या वयात येणाऱ्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम हा वेगळा विषय. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. औषधांमुळेही घाम वाढतो. नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या त्यात येतात. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. नुसतं "एक पांढरी आणि एक गुलाबी" म्हणून काही कळत नाही.

आणि आपल्याकडच्या दोन गोष्टी. शेतात फवारणी करून आलेल्या माणसाला भरमसाट घाम, तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तर ती विषबाधा आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरात त्याच अ‍ॅसिटिलकोलीनचा पूर आणतात. कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि कीटकनाशकाचा डबा सोबत घेऊन रुग्णालयात जा. दुसरी गोष्ट लाल विंचवाची. कोकणात विंचू चावलेल्या माणसाचं अंग घामानं निथळायला लागलं आणि हातपाय गार पडले, की विष हृदयापर्यंत पोचतं आहे असं समजायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन ही गोळी रुजवली आणि असंख्य जीव वाचले. घामाकडे नीट बघितल्यानं माणूस वाचतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तपासण्या किती कराव्या लागतात?

लहानपणापासून फक्त तळहात-तळपायांना घाम आणि बाकी प्रकृती ठणठणीत असेल तर सहसा एकही नाही. उशिरा सुरू झालेला, अंगभर येणारा, एकाच बाजूला येणारा किंवा रात्रीचा घाम असेल तर थायरॉइड, साखर, रक्ताची साधी तपासणी, छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार पुढचं.

काखेत किंवा तळहातावर घाम नेमका कुठे जास्त आहे हे बघायला एक जुनी तपासणी आहे, १९२८ साली मायनर यांनी सांगितलेली. कोरड्या कातडीवर आयोडीन लावतात, ते सुकलं की वर स्टार्चची पूड भुरभुरतात. जिथे घाम फुटतो तिथे निळे-काळे ठिपके उमटतात, ते वाढत वाढत एकमेकांत मिसळतात आणि घामाचा नकाशाच कातडीवर तयार होतो. इंजेक्शन कुठे द्यायचं हे त्यावरून ठरतं.

उपचाराची सुरुवात कुठून करतात?

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या लोशनपासून. काखेसाठी साधारण १० ते २० टक्के, तळहात-तळपायांची कातडी जाड असल्यानं तिथे २० टक्के किंवा थोडं जास्त. हे क्षार घर्मग्रंथीच्या तोंडाशी जाऊन तात्पुरतं बूच बसवतात.

"लावून बघितलं, काही फरक नाही" असं सांगणाऱ्या बहुतेकांनी ते सकाळी आंघोळ करून, ओल्या काखेत लावलेलं असतं. त्यानं दोन नुकसानं होतात. दिवसभराच्या घामात औषध वाहून जातं, आणि पाण्याशी संयोग होऊन त्याचं थोडं आम्ल बनतं, ते चरचरतं. योग्य पद्धत अशी : रात्री झोपायच्या वेळी, घाम थांबलेला असताना, जागा पूर्ण कोरडी करून पातळ थर लावायचा. लावण्याआधी लगेच धुऊ नका. धुतलंच तर चांगलं सुकू द्या, हवं तर ड्रायरची गार हवा मारा. सुकल्यावरच कपडे घाला, नाहीतर कपड्यावर डाग पडतात आणि कापड कुजतं. सकाळी धुऊन टाका. काखेतले केस काढल्यावर दोन दिवस लावायचं नाही.

सुरुवातीला रोज रात्री. एक-दोन आठवड्यांत घाम आटोक्यात आला की एक दिवसाआड, मग आठवड्यातून एक-दोनदा. खाज आली, लाल झालं तर तीन-चार रात्री थांबा आणि कमी तीव्रतेचं घेऊन पुन्हा सुरू करा. जास्त आग झाली तर डॉक्टर काही दिवसांसाठी सौम्य मलम देतात. नीट पद्धतीनं महिनाभर लावल्याशिवाय "गुण नाही" असा निकाल देऊ नये.

डिओ मारतोच की रोज. तो वेगळा असतो का?

डिओडरंट वास झाकतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करणाऱ्या उत्पादनावर अँटिपर्स्पिरंट असं लिहिलेलं असतं आणि घटकांच्या यादीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. बाटली उलटी करून वाचा. तेही रात्री लावलेलं जास्त लागू पडतं.

अ‍ॅल्युमिनियममुळे स्तनाचा कर्करोग किंवा स्मृतिभ्रंश होतो असं मोबाइलवर येतं.

आजवरच्या अभ्यासांतून असा संबंध सिद्ध झालेला नाही. कातडीतून शरीरात जाणारं अ‍ॅल्युमिनियम अत्यल्प असतं. मूत्रपिंडं खूप निकामी झालेल्या पेशंटनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये. "घामावाटे विष बाहेर पडतं, ते अडवू नये" हेही खरं नाही. घाम म्हणजे बहुतांश पाणी आणि मीठ. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

तुरटी, पावडर, चहाचं पाणी यांचा उपयोग होतो का?

तुरटीतही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार असतो, त्यामुळे काखेतला थोडा घाम आणि वास तिनं कमी होतो. थोडाच. पावडर घाम शोषते, पण जास्त घामात तिचा चिखल होतो आणि जांघेत, काखेत तो कातडीला काचतो. चहाच्या कडक पाण्यात पाय बुडवण्याचा उपाय तळपायांच्या सौम्य त्रासाला चालतो. त्यातलं टॅनिन कातडी आवळतं. नुकसान नाही, पण तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या घामाला हे पुरत नाही. लिंबू घासणं टाळा, कातडी भाजते.

तिखट जेवण, कडक चहा-कॉफी आणि दारू यांनी घाम वाढतो. आपापलं निरीक्षण करून कमी करा. पाणी कमी पिऊन घाम कमी होत नाही. फक्त चक्कर येते.

पाण्यातून करंट देण्याची मशीन असते म्हणे. शॉक बसत नाही का?

तिला आयंटोफोरेसिस म्हणतात आणि माझ्या मते तळहात-तळपायांसाठी हा सगळ्यात कमी वापरला जाणारा चांगला उपचार आहे. दोन उथळ ट्रेमध्ये नळाचं पाणी घेतात, हात किंवा पाय बुडवतात आणि त्यातून १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह वीस-तीस मिनिटं सोडतात. मुंग्या आल्यासारखं वाटतं. हातावर चीर असेल तर तिथे चुरचुरतं, म्हणून चिरेवर व्हॅसलीन लावून मगच हात बुडवायचा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढून ठेवायचे. प्रवाह चालू असताना हात एकदम बाहेर काढला की मात्र झटका बसतो; आधी बटण शून्यावर आणायचं.

सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा, साधारण दोन ते चार आठवडे. हात कोरडे झाले की आठवड्यातून एकदा. थांबवलं की काही आठवड्यांत घाम परततो, म्हणून पुढे बरेच जण मशीन विकत घेऊन घरीच करतात. पाणी फार मऊ असेल, आरओचं असेल, तर त्यात क्षार नसल्यानं करंट नीट वाहत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकतात. बोअरचं जड पाणी इथे चक्क उपयोगी पडतं.

पेसमेकर बसवलेल्यांनी, गरोदर बायकांनी, फिट येणाऱ्यांनी आणि हातापायांत धातूची पट्टी किंवा रॉड असणाऱ्यांनी हा उपचार घेऊ नये. आणि कृपा करून यूट्यूबवर बघून चार्जर किंवा बॅटरी पाण्यात सोडू नका. भाजतं, जीवही जाऊ शकतो.

गोळ्या असतात का?

असतात : ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन. दोन्ही अ‍ॅसिटिलकोलीनला अडवतात. अंगभर घाम येणाऱ्यांना, किंवा हात-पाय-काखा-चेहरा असा सगळीकडे त्रास असणाऱ्यांना त्या सोयीच्या. कमी मात्रेनं सुरू करतात, ग्लायकोपायरोलेट १ मिलिग्रॅमपासून आणि ऑक्सिब्युटिनिन २.५ मिलिग्रॅमपासून, आणि सावकाश वाढवतात. ग्लायकोपायरोलेट रिकाम्या पोटी घ्यायची. जेवणाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही.

तोंडाला कोरड पडणं जवळपास ठरलेलं. बद्धकोष्ठ, धूसर दिसणं, लघवी अडखळणं हेही होतं. काचबिंदूचा एक विशिष्ट प्रकार, वाढलेलं प्रोस्टेट आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार असणाऱ्यांना या गोळ्या चालत नाहीत. वयस्कर माणसांत ऑक्सिब्युटिनिननं विसराळूपणा आणि गोंधळ वाढू शकतो. अजून एक धोका आपल्या हवामानात गंभीर आहे : घाम बंद झाला की अंग थंड होण्याचा मार्गही बंद होतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात उन्हात काम करणाऱ्यांनी, पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या मुलामुलींनी या गोळ्या घेऊन उन्हात राबू नये. उष्माघात होतो.

मुलाखत, भाषण, गाण्याचा कार्यक्रम अशा प्रसंगांपुरता घाम आणि धडधड वाढत असेल तर प्रोप्रॅनोलॉल उपयोगी पडते. दमा असणाऱ्यांना ती देत नाहीत.

काखेसाठी लावायचं नवीन औषध आलंय का?

गोळ्यांतलाच गुण आता लावायच्या औषधांतून मिळतो. ग्लायकोपायरोनियमच्या ओल्या पुसण्यांना (वाइप्सना) अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. सोफपायरोनियम हे जेल जपानमध्ये २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये आलं. दोन्ही काखेसाठी. लावल्यावर हात धुवायलाच हवेत. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि काही तास धूसर दिसतं. परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारावं. परदेशी ऑनलाइन दुकानातून चिठ्ठीशिवाय मागवू नका.

बोटॉक्सची इंजेक्शनं सुरकुत्यांसाठी असतात ना?

तेच औषध. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटणंच ते थांबवतं. काखेतल्या तीव्र घामासाठी अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. एका काखेत साधारण ५० युनिट, दहा-पंधरा ठिकाणी, अगदी बारीक सुईनं कातडीच्या आत. आठवडाभरात काख कोरडी पडायला लागते आणि परिणाम सरासरी सहा महिने टिकतो, काहींना त्याहून जास्त. काखेसाठी हा उत्तम उपचार आहे. त्यात फार दुखतही नाही.

तळहातांची गोष्ट वेगळी. तिथे खूप दुखतं; बर्फ किंवा मनगटाशी भूल देऊन करावं लागतं. नंतर काही आठवडे चिमटीतला जोर कमी होऊ शकतो. तबलजी, शिंपी, सोनार, सर्जन अशा बोटांवर पोट असणाऱ्यांनी हे आधी नीट समजून घ्यावं, आणि एका वेळी एकच हात करून घ्यावा.

खर्च भारी आहे आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. विमा कंपन्या अनेकदा याला सौंदर्योपचारात टाकतात, म्हणून आधी लेखी विचारून घ्या. औषधाचं नाव, युनिटची संख्या आणि बाटली समोर उघडली का, हे पेशंटनं विचारलंच पाहिजे.

काखेतल्या ग्रंथी कायमच्या घालवता येतात?

मायक्रोवेव्ह उष्णतेनं काखेतल्या घर्मग्रंथी जाळणारं मशीन आहे. एक-दोन बैठकांत बऱ्याच प्रमाणात कायमचा फरक पडतो. नंतर सूज, दुखणं, काही आठवडे बधिरपणा असतो. फक्त काखेसाठी, आणि सगळीकडे मिळत नाही. काखा कोरड्या झाल्या म्हणून शरीर तापत नाही, ते क्षेत्रफळ अंगाच्या मानानं फार थोडं आहे.

दुर्बिणीनं नस कापायचं ऑपरेशन करून एकदाच मोकळं व्हावं का?

बहुतेकांनी नाही. निदान आधी बाकी सगळं नीट करून बघितल्याशिवाय नाही.

ऑपरेशन असं असतं : पूर्ण भूल, काखेखाली छोटी छिद्रं, दुर्बीण छातीच्या पोकळीत. पाठीच्या कण्याशेजारून जाणारी सिंपथेटिक साखळी तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या पातळीवर कापतात किंवा तिला क्लिप लावतात. शुद्धीवर येताच हात कोरडे आणि गरम असतात. वर्षानुवर्षं ओल्या हातांनी जगलेल्या माणसाला तो क्षण फार मोठा वाटतो, आणि जाहिराती नेमका तोच क्षण दाखवतात.

दाखवत नाहीत तो पुढचा भाग म्हणजे भरपाईचा घाम. हातांचा बंद झाला की पाठ, पोट, मांड्या, जांघा इथे वाढतो. ऑपरेशन झालेल्या बहुसंख्य लोकांना तो कमीजास्त येतोच. अनेकांना चालण्यासारखा असतो. पण काहींना इतका, की दिवसातून तीन शर्ट बदलावे लागतात आणि आधीचे ओले हात परवडले असं वाटायला लागतं. कोणाला किती येईल हे आधी खात्रीनं सांगता येत नाही, आणि नस कापलेली असेल तर मागे फिरता येत नाही. क्लिप काढल्यावरही घाम पूर्ववत होईलच असं नाही. तैवानमध्ये उष्ण-दमट हवेत हे ऑपरेशन मोठ्या प्रमाणावर झालं आणि तिथे २००४ मध्ये वीस वर्षांखालच्या मुलांवर ते करण्यास बंदी घालावी लागली. मुंबई-कोकणाची हवा त्याच जातीची आहे, हे लक्षात घ्या. क्वचित पापणी कायमची झुकते, फुप्फुसाबाहेर हवा साठते, नाडीचा वेग थोडा मंदावतो.

फक्त तळहातांचा अति तीव्र घाम, लोशन-मशीन-गोळ्या सगळं नीट वापरून झालेलं, आणि भरपाईचा घाम म्हणजे काय हे ऑपरेशन झालेल्या माणसाशी बोलून समजलेलं, अशा प्रौढ पेशंटला हे ऑपरेशन खरोखर सुख देऊ शकतं. नुसत्या काखेसाठी, चेहऱ्यासाठी किंवा पायांसाठी म्हणून करू नये. लग्न ठरलंय म्हणून घाईनं तर मुळीच नाही.

ऑपरेशन आधीच झालंय आणि आता पाठ-पोट भिजतं. काय करू?

गोळ्यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. मर्यादित जागा असेल तर बोटॉक्स देता येतं. ज्या सर्जननी केलं त्यांच्याकडून नस कापली की क्लिप लावली, कोणत्या पातळीवर, हे लेखी घ्या. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते लागतं.

पायांना घाम येतो, वासही येतो. बूट काढायची लाज वाटते.

एमआयडीसीत बारा तास सेफ्टी शूज घालणाऱ्या कामगारांचे तळवे बघा. पांढरे, सुरकुतलेले, टाचेवर आणि चवड्यावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. हा जंतूंचा संसर्ग आहे, अस्वच्छतेचा पुरावा नव्हे. लावायच्या अँटिबायोटिकनं दोन-तीन आठवड्यांत खड्डे भरून येतात आणि वास जातो, पण घाम कमी केला नाही तर परत येतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर बुरशीचं औषध लागतं.

दोन जोड बूट ठेवा आणि आलटून पालटून घाला, म्हणजे प्रत्येक जोड पूर्ण दिवस वाळतो. सुती किंवा लोकरीचे मोजे दुपारी एकदा बदला. लोशन आणि करंटची मशीन दोन्ही पायांना चालतात.

जांघेत, कमरेशी घामामुळे नायटा झाला तर मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब लावू नका. त्यांतल्या अनेकांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस खाज थांबते आणि मग नायटा पसरतो, बरा व्हायला महिने लागतात.

अंगठा उमटत नाही म्हणून रॅशन आणि बँकेची कामं अडतात.

ओल्या बोटाचा ठसा मशीनला नीट वाचता येत नाही. बोट सुती कापडानं पुसून लगेच ठेवा, जास्त दाबू नका. आधार ओळखीसाठी बोटांखेरीज डोळ्याचं बुबुळ, चेहरा आणि मोबाइलवरचा ओटीपी हे मार्गही आहेत. त्या ठिकाणी कोणता चालतो ते विचारा. मोबाइल नंबर आधारला जोडून ठेवा.

मुलगा आठ वर्षांचा आहे. मोठा झाल्यावर आपोआप जाईल का?

तळहात-तळपायांचा घाम बहुतेकदा लहानपणीच सुरू होतो आणि आपोआप जाईलच असं नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर अनेकांचा कमी होतो. पण तोवर थांबायचं कशाला? सौम्य लोशन आणि समजूतदार मुलांना आयंटोफोरेसिस चालतं. गोळ्या बालरोगतज्ज्ञांच्या संमतीनं. वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या, म्हणजे वही ओली झाली म्हणून मूल ओरडा खाणार नाही. खेळात हात धरायला कोणी नकार दिला तर त्या मुलाला काय वाटतं, ते घरी आल्यावर विचारा.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना काय चालतं?

गोळ्या, बोटॉक्स आणि करंटची मशीन थांबवतात. लोशनबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. त्या काळात तसाही घाम वाढतो, आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे रात्री भरपूर घाम येतो. तो आपोआप कमी होतो. ताप असेल तर मात्र लगेच दाखवा.

कोणाकडे जायचं?

त्वचारोगतज्ज्ञांकडे. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, आणि बहुतेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. करंटची मशीन आहे का, हे केसपेपर काढतानाच विचारा. जाताना त्या दिवशी सकाळी काखेत, हाताला काही लावू नका. आणि घामाचं बोलणं दारापाशी जाऊन काढू नका, खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं तेच सांगा, म्हणजे हात बघायला पुरेसा वेळ मिळतो.